रोमनांचे जोडे आणि करमाडचे नाना

आमच्या कॉलेजचं इतिहासाचं डिपार्टमेंट म्हणजे चार खुर्च्या अन् एक पंखा. पण किस्से इतके साठलेत की कुणी चहा पाजला की मी सुटतेच. सध्या सगळे वैशालीचे. ती माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, करमाडची. इंग्लंडात रोमन सैन्याचं सरहद्दीवरचं एक ठाणं उकरताहेत, तिथं दोन महिने कामाला तिची निवड झाली. तिचे वडील, नाना, रिटायर्ड फौजी. त्यांनी विचारलं, तिथं सोनं निघतं का? नाही म्हटल्यावर जाण्याचा विषयच बंद.

*

सोनं नाही, मग निघतं तरी काय? वैशालीनं फोटो दाखवले. पहिलाच फोटो संडासाच्या लाकडी सीटचा! चिखलात राहून शाबूत. आमचे शिपाई रफीकभाई ट्रे घेऊन जागीच थिजले. "म्याडम, इसको भी काच में रखे?" त्या दिवशी चहा कुणाच्या घशाखाली उतरला नाही.

*

दुसरा फोटो फणीचा. दातांत ऊ, तीही रोमन! आमच्या विभागप्रमुख बाई एरवी भारी शिष्ट. आधी त्यांनी डोकं खाजवलं, मग मी, मग रफीकभाई. तेवढ्यात वर्गातली पोरं आली, तर अख्खं डिपार्टमेंट खाजवतंय.

*

डिपार्टमेंटच्या प्रदर्शनासाठी वैशालीनं गुलमंडीच्या बाजारातून हुबेहूब रोमन जोडे शिवून घेतले अन् टेबलावर मांडले. समई लावायची म्हणून सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढलेल्या. टेबलावर जोडे बघून रफीकभाईंना कसंतरीच झालं, त्यांनी तेही बाहेर नेऊन ठेवले. उद्घाटन करून प्रमुख पाहुणे नेमके तेच घालून गेले! मी फोन केला, तर म्हणतात, "हो का? तरीच म्हटलं, आज चावत कसे नाहीत." माझं डोकंच फिरलं.

*

एक दिवस नाना स्वतः आले, पोरीला पाठवणार नाही, हे मला तोंडावर सांगायला. लॅपटॉपवर फोटो उघडाच होता. बोटभर लांबीचा चामडी जोडा.

"ह्ये कुणाचं?"

तान्ह्या लेकराचं, मी म्हटलं, ठाण्यातच सापडलंय.

"बॉर्डरवर लेकरं संगं ठेवीत व्हते?"

वैशाली म्हणाली, ठेवत असणार, असे बरेच निघालेत.

नाना फोटोवर वाकले. मग मला म्हणाले, "बाई, ही झाली तवा मी बॉर्डरवर. रजा मिळून घरी आलो, तर ही चालती-बोलती दारात उभी. आत पळाली अन् आईला म्हणली, कुणीतरी मानूस आलाय."

वैशाली बापाकडं बघतच राहिली. तिला हे घरात कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

नाना उठले. दारापाशी थांबून तिला म्हणाले, "तिकडं थंडी लई असंल. माझा फौजेतला कोट ने."