पत्र्यावरची बाई

सत्याऐंशी सालचा वैशाख. सकाळी आठलाच धुळ्याजवळ साक्री रस्त्याचं डांबर पायाला चिकटत होतं. झुंबरबाईनं बाळंतीण सुनेला, भागाबाईला, शेक दिला, घमेल्यातली राख उकिरड्यावर टाकली आणि मागे वळली, तर झोपडीसमोर एक जण कॅमेरा डोळ्याला लावून उभा.

झोपडीचं दार म्हणजे जाहिरातीचा पत्रा. वावटळीत रस्त्याकडच्या फलकावरून उडालेला. त्यावर फ्रिजला टेकून हसणारी गोरी बाई. आठवड्यापूर्वी जाहिरातवाल्यांचा माणूस फटफटीवर येऊन पत्रा विचारून गेला, तेव्हा पत्रा कडब्याखाली लपवलेला होता. पण नातू झाला, मुलगा रावेरला केळी भरायला गेलेला, आणि झळा थेट बाळंतिणीच्या बाजेवर. पत्रा बांधावाच लागला. पाचवी पुजेपर्यंत तान्ह्यावर परक्या बाईची नजर नको, म्हणून झुंबरबाईनं चित्र बाहेरच्या अंगाला केलं होतं.

"फोटू कसाले काढी ऱ्हायनात, भाऊ?"

तो धुळ्याचाच निघाला, अभिमन. मुंबईच्या साप्ताहिकासाठी जाहिराती आणि त्यांच्या पायथ्याची माणसं टिपत हिंडत होता. "अक्का, पत्र्यावर फ्रिज नि खाली रिकामा माठ. लोकांनी बघायला पाहिजे."

"माठ धोईसन वाळाले ठेयेल शे. आनि लोकेस्मां तो फटफटीवालाबी शे."

"तो कशाला हे वाचतोय?"

"वाचं तं? पत्रा उचली लई जाई. मंग हाई धग कोन झेली, तू?" तिनं कॅमेऱ्याचा पट्टा धरला. नवऱ्यामागं वीस वर्षं खडी फोडलेली मूठ ती. "रोल काढ."

"अक्का, पिंपळनेरपासूनचं चार दिवसांचं काम आहे यात."

"तुना चार दिन. मना नातूना तीन."

आत बाळ रडू लागलं. तेवढ्यात रस्त्यावर फटफटी वाजली. दोघांच्याही माना वळल्या. दूधवाला होता, निघून गेला. पण तोवर झुंबरबाई पट्टा न सोडता पत्र्याला पाठ लावून, चित्र अंगानं झाकून उभी राहिली होती. अभिमननं ते पाहिलं. मग कॅमेऱ्याचं झाकण उघडून त्यानं रोलची काळी पट्टी भर उन्हात ओढून काढली.

झुंबरबाईनं ती उजेडात धरून न्याहाळली. "ह्यामां मी कोठे शे?"

"आता कुठंच नाही. ऊन लागलं की फोटो पुसतात."

"बठ्ठं गयं?"

"बठ्ठं. सगळे चार दिवस."

तिनं घमेलंभर शेण आणलं, रस्त्यावरून पत्रा ओळखू येऊ नये असं गोऱ्या बाईवर फ्रिजसकट जाड लिंपून टाकलं. मग हात धुतले आणि भागाबाईच्या भाकरीसाठी पीठ मळायला बसली.