केळफुलाचा चीक

आज केळफूल साफ करायला घेतलं आणि त्या तुरट चिकाच्या वासाने मला थेट चौलला, माहेरच्या पडवीत नेऊन बसवलं. त्या दिवशी मला बघायला श्रीवर्धनची माणसं येणार होती. वाडीतलं केळफूल समोर ठेवून आई म्हणाली होती, "आधी हाताला तेल लाव हं." मी कसली लावतेय! एकेका फुलातली ताठ काडी काढता काढता बोटं चिकाने काळी झाली. चिंच चोळली, राख चोळली, पण डाग काही हलेनात.

पोह्यांची बशी देताना हात लपवणार कुठे? मुलाच्या आईने बशी खाली ठेवली आणि माझी बोटंच हातात घेतली. दारात उभी असलेली आमची आई गोरीमोरी झाली.

"केळफूल वाटतं?" त्या हसून म्हणाल्या. "अगो, मीपण दरवेळी तेल लावायचं विसरते."

माझा जीव भांड्यात पडला. आपल्यासारखीच वेंधळी सासू मिळणार म्हणून मी मनातून खूशही झाले.

पुढे वीस वर्षं आम्ही दोघींनी मिळून केळफुलं साफ केली. तेलाची वाटी शेजारी घेतल्याशिवाय त्या एकदाही बसल्या नाहीत.