आक्काच्या सालाचं नाणं

भूतबित, अंगात येणं, मेलेलं माणूस येऊन काय सांगून जाणं... असलं कुणी बोलायला लागलं की मी सरळ मोबाईल काढतो. (मी मुलगीच आहे हो! आमच्या बेळगावात पोरीपण आलो-गेलोच म्हणत्यात, कमेंटमध्ये हसू नका.) पण गेल्या डिसेंबरात जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवंना, म्हणून टाईप करालोय.

आम्ही वडगावात राहतो. मागच्या खोलीत दोन पॉवरलूम, साड्यांचे. आप्पा, आई, दादा, मी आणि आक्का. आक्का म्हणजे आप्पांची मोठी बहीण — सावत्र, पण तो शब्द आमच्यात कुणी काढत न्हाय. लग्न केलं न्हाय तिनं. जन्मभर लूमसाठी सुताच्या कांड्या भरल्या.

तर मी एक रील बघितली. घरातल्या प्रत्येकाच्या जन्मसालाचं नाणं शोधायचं, फ्रेममध्ये लावायचं, खाली नाव. म्हटलं आई-आप्पांच्या लग्नाच्या वाढदिवसाला हेच! माझं नि दादाचं किराणा दुकानाच्या गल्ल्यात मिळालं. आई-आप्पांचं आईच्याच जुन्या डब्यात. आक्काचं १९६२, आधारवर एक जून बासष्ट आहे. ते निपाणीच्या बाजारात जुनी नाणी घेऊन बसणाऱ्या काकांकडं मिळालं.

सगळी चिकटवली. सकाळी बघतो तर आक्काचं तेवढं खाली पडलेलं.

परत चिकटवलं. परत पडलं. डबल टेप लावला, वर डिंक... तिसऱ्या दिवशी परत खाली. बाकीची चार जाग्यावर!

दादा म्हणतो, "तुझा अभ्यास पण असाच. डोक्यात चिकटतच न्हाय."

मी वैतागून आक्काला नाणं दाखवलं. तिनं बघितलं आणि कांडीवरचा हात थांबला.

"नको लावूस गं माझं," म्हणाली. "त्याच साली माझी आई गेली. मी आलो आणि ती गेली. ते साल काय भिंतीवर टांगायचं?"

मला एवढंच माहीत होतं की तिची आई, म्हणजे आज्जोबांची पहिली बायको, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गुंजीला गेली ती परत आलीच न्हाय. देवाजवळच्या तिच्या फोटोखाली १९६२ लिहिलंय, बाकी आज्जोबांनी तिच्याबद्दल कधी काय सांगितलं न्हाय. पण लहानपणापासून 'आईला खाऊन आली' हे आक्कानं किती जणांकडनं ऐकलं असेल, ते त्या दिवशी तिच्या तोंडाकडं बघून कळलं.

मग हळूच म्हणाली, "मला एक आठवतंय बघ. अंधारी खोली. कुणाच्या तरी मांडीवर मी. जांभळी झालेली बोटं माझ्या तोंडात कायतरी आंबट-गोड घालतात... सगळे म्हणतात स्वप्न असंल. आई कशी असंल? ती तर न्हवतीच."

त्याच आठवड्यात गुंजीहून तिच्या मामाच्या नातवाचा मेसेज आला. आज्जी लई थकलीया, एकदा सुमाक्काला (म्हणजे आमच्या आक्काला) बघायचं म्हणती. ही आज्जी म्हणजे आक्काची मामी. आक्का शाळेच्या वयात तिथनं आली ती परत कधी गेलीच नव्हती.

"मी न्हाय जाणार. त्यांची लेक खाल्ली मी. कुठल्या तोंडानं जाऊ?"

"ह्याच तोंडानं. पावडर लावून," मी म्हटलं. हसली, आणि तयार झाली.

सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. गुंजीला उतरलो तर धुकं... काय सांगू! पिंजलेला कापूस सगळीकडं पसरून ठेवल्यासारखं. गाडी गेली आणि आवाजच संपले. आक्काचे गुडघे धरले होते, ती बाकावर बसली. मी पाणी बघायला म्हणून पुढं गेलो.

प्लॅटफॉर्मच्या टोकाला एक बाई बुट्टी, म्हणजे टोपली, घेऊन बसलेली. बारीकशी, डोक्यावर पदर. पानाच्या द्रोणात करवंदं. मला एकदम भूकच लागली. वीस रुपये दिले. तिनं दहाचं नाणं परत दिलं आणि वर अजून एक, बारीक, काळपट.

"आणि ह्ये तिचं."

"कुणाचं?"

तिनं बाकाकडं बघितलं. "केस लई दाट हुते गं. फणी अडकली की रडायची."

"तुम्ही ओळखता आमच्या आक्काला?"

"तीन उन्हाळं बघितलं की," म्हणाली, आणि अशी हसली... मला का कोण जाणे, झोप आल्यासारखं झालं. उन्हात आईजवळ पडल्यावर येते तशी. भीती? अजिबात न्हाय.

परत आलो तर आक्का विचारते, "कुणासंगं बोलत हुतीस गं एकटीच?"

मी वळून बघितलं. धुकं. तिथं जाऊनपण बघितलं. बुट्टी न्हाय, बाई न्हाय. म्हटलं गेली असंल. खरंच, तेव्हा काहीच वाटलं न्हाय मला!

मामाच्या घरी पोचलो. मामी खाटेवर, पंचाऐंशीच्या पुढची. आक्का उंबऱ्यातच थांबली, आत येईना. मामीनं हात पुढं केला. "सुमे, ये की. आईसारखीच हट्टी."

तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या हातातल्या द्रोणाकडं गेलं. "करवंदं? आत्ता? थंडीत कुठली गं करवंदं? ती उन्हाळ्यात येत्यात."

मी द्रोणात परत वाकून बघितलं. मी शहरातली, मला कुठं कळतंय!

मामीनं एक करवंद घेतलं, बोटांत फिरवून बघितलं. "तुझी आई हीच खायची. अंथरुणावरनं उठवत न्हवतं तिला, पण तुला मांडीवर घेऊन भरवायची. तीन उन्हाळं. तुझी वेणी मलासुद्धा घालू द्यायची न्हाय."

आक्का म्हणाली, "तीन?"

"मग? तीन वर्सांची हुतीस की तू ती गेली तेव्हा! मी ह्या घरात नवी नवरी हुतो. बाळंतपणानंतर ताप आला तो हटलाच न्हाय तिचा. शाळेत घालताना तुझ्या बाला तुझ्या जन्माचं साल आठवंना. मास्तरनं विचारलं, आई कधी गेली? तेच साल लिवलं. तुझा मामा सोबत हुता, त्यानं सांगितलं मला."

मी खिशातनं ते काळपट नाणं काढलं. ओढणीला पुसलं. एक नया पैसा. १९५९.

आक्का उंबऱ्यावरच बसली. रडली न्हाय. बोटांवर मोजत होती. एकोणसाठ, साठ, एकसष्ट... आणि परत पहिल्यापासनं.

आता तुम्ही सांगा. स्टेशनवर मी विचारून आलोय, तिथं कुणी बाई बसत न्हाय म्हणतात. बाईनं देताना साल बघितलं असं समजू, तरी तिला आक्काचं खरं साल कसं माहीत? आणि करवंदांचं काय? बिया अजून माझ्या डबीत आहेत. दादा एरवी सगळ्याला लॉजिक लावतो, तो पण रोज डबी उघडून बिया बघतो. मला काय कळंना, अजूनपण.

ते नाणं फ्रेममध्ये लावलंय. पडलं न्हाय. त्यावर एक जांभळा डाग आहे, बोटाएवढा. फ्रेममध्ये लावायच्या आधी मी चिंच लावून घासायला घेतलं तर आक्कानं हातातनं काढून घेतलं.

"राहू दे," म्हणाली. "आईचा हात हाय."