कढईत बुडवलेला बेस

गणपतीपुढे ऑर्केस्ट्रा ऐकताना तुमच्या पोटात आतून धडधडलंय का कधी? धडधडलंय ना? मग ते ज्यानं धडधडवलं त्याचं नाव सांगा बघू.

नाही येत. गाणाऱ्याचं येतं, कारण बॅनरवर त्याचा फोटो असतो. ढोलकीवाल्याचं येतं, कारण तो मध्येच उठून नाचतो. आणि मागे, ड्रमच्या अंगाला, जिथे लाइट पोचत नाही तिथे उभं राहून चार जाड तारा वाजवणारं माणूस? ते तुमच्या लेखी गिटारवाला. गिटारला सहा तारा असतात, राव. चार तारांचा तो बेस. तो गप्प झाला की गाण्याचे पाय जातात, आणि तुम्ही म्हणता, आज मजा नाही आली ब्वा.

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात ते माणूस म्हणजे कुसुमावती. वय चोपन्न, अंगात सुती साडी, हात कोपरापर्यंत रंगलेले. हसलात? हसा. तिच्या नवऱ्यानंही हसून घेतलंय.

घराणं रंगाऱ्यांचं. पूर्वज इकडे कधी उतरले ते घरात कुणालाच नक्की ठाऊक नाही, पण बोली काही सुटली नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडताना दोन्ही. एके काळी या घरात लाकडी ठशांनी कापडं छापायचे. ते ठसे कुणा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं नेले. नवरा नागेंद्र मेटगळ्ळीच्या कारखान्यात लागला. रंगाची कढई तेवढी कुसुमावतीनं विझू दिली नाही. विटलेल्या साड्या आणा, नव्या करून न्या, असं तिचं दुकान.

त्या दुकानाच्या वरच्या खोलीत गगनच्या ऑर्केस्ट्राचा सराव चालायचा. एक दिवस कुसुमावतीला दिसलं की कढईतल्या पाण्यावर वर्तुळं उठताहेत. तिला वाटलं, जाळ जास्त झाला. जाळ ओढला, तरी वर्तुळं उठतातच. तिनं कान दिला. गाणं थांबलं तरी उठतात, ढोलकी थांबली तरी उठतात. मग ती तरातरा जिना चढून वर गेली.

"माझी कढई कोण हलवतंय रे?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी रघु नावाच्या पोरानं भीत भीत हात वर केला. "मी असेन, अक्का. हा बेस आहे."

"आण बघू इकडे."

झालं. भांडायला गेलेली बाई शिकून खाली आली. एका दिवसात नव्हे, पण आली. रघु दुपारी दाखवायचा, ही संध्याकाळी घोकायची. एका लग्नात रघु तापानं पडला तेव्हा ही उभी राहिली, आणि त्यानंतर अर्धे कार्यक्रम तिचेच झाले. वाद्य मात्र रघुचं. पुढे रघुला बंगळूरला नोकरी लागली आणि तो बेस घेऊन गेला. त्याचाच होता, न्यायचाच होता. पण कुसुमावतीच्या हाताला एकदम काही काम उरलं नाही. कढईसुद्धा मुकी झाली.

गगन कीबोर्डवर. माणूस वाईट नाही, घाईचा आहे. तो म्हणाला, "कुसुमक्का, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेच्या संध्याकाळी मोठा कार्यक्रम घेतलाय. तोवर वाद्य आलं तर तुम्ही. नाही तर बेस मी कीबोर्डवर डाव्या हातानं ओढून नेतो. आणि एकदा डाव्या हाताला सवय लागली की…"

"की काय?"

"की मग डावा हातच, अक्का. कार्यक्रमाच्या कमिटीला माणसं कमी हवीत."

"तुझा डावा हात!" कुसुमावती म्हणाली. "त्या हातात चहाचा कप तरी धड राहतो का रे?"

बोलून तर बसली. वाद्यांच्या दुकानातले तयार बेस तिनं हातात घेऊन पाहिले. एकेक म्हणजे ऊस. दांडी एवढी लांब की डावा हात टोकाला पोचेपर्यंत खांदा निखळायची वेळ. बेस बनवणाऱ्यांनी कधी बुटकी बाई पाहिलेली नसावी. मग तिनं आखूड दांडीचा, सुटे भाग घरी जोडायचा संच मागवला.

खोका आला, तिनं उघडला. आत पांढरंफटक, कोरं लाकडी धड. वेगळी दांडी, तिच्यावर सतारीसारखे पडदे बसवलेले. चार खुंट्या, तारांचा आवाज टिपणारे पिकअप, वायरींची भेंडोळी, स्क्रूच्या पुड्या.

नागेंद्र चष्मा लावून वाकला. "अर्धवट माल पाठवलाय. परत कर."

"अर्धवट नाही हो. पुरा मी करायचाय."

"तू? मिक्सरचं झाकण बसत नाही तुझ्यानं."

"मिक्सर वाजवायचा नसतो मला."

तिनं दांडी धडाच्या खाचेत घालून पाहिली. डबीला झाकण बसावं तशी बसली. ती एकटीच टाळ्या पिटायला लागली.

लाकडाचं विचारायला ती मंडी मोहल्ल्यात संताजीरावांकडे गेली. संताजीराव म्हणजे जुन्या शिपाईगड्यांच्या घरातले मराठे. स्वतः शिसवी लाकडात जडावाचं काम करतात, पण बोलणं अजून हुकमाचं. त्यांनी धड उलटंपालटं केलं, बोटानं वाजवलं आणि हुकूम सोडला, "रंग फडक्यानं पुसून लावायचा. थोडा थोडा. पाण्याला लाकडाजवळ बसू द्यायचं नाही. समजलं?"

"समजलं," कुसुमावती म्हणाली. समजलंही होतं. ऐकायचं नव्हतं.

कारण त्या घरात एक म्हण चालत आलीय: फासतो तो पेंटर, बुडवतो तो रंगारी. फडक्यानं रंग पुसायचा म्हणजे भिंतीला चुना दिल्यासारखं. रंग वरवर बसतो आणि वरवरच उडतो. तिच्या सासूनं आयुष्यात एक धागा फासला नव्हता. आता सून फासणार?

तिनं कढई चढवली. डाळिंबी रंग कालवला, मीठ टाकलं. आणि इतके दिवस चिडवत बसलेला नागेंद्र बाह्या सरसावून जाळापाशी आला. कारखान्यात एवढी वर्षं काढली तरी हाड रंगाऱ्याचंच.

"जाळ मंद कर गं! रेशीम समज त्याला, रेशीम!"

"तुम्ही फिरवा, मी दाबते."

"दाब. दाब अजून. आता सोड… आहाहा! नोडु, नोडु! बघ, कसा पितोय!"

धड वर आलं. पिकलेल्या डाळिंबाचा एकेक दाणा लाकडात उतरावा तसा रंग. नागेंद्र हळूच म्हणाला, "आई असती तर नजर काढली असती."

सकाळी दांडी खाचेत जाईना.

लाकूड पाणी पिऊन टम्म फुगलं होतं. काल गुळगुळीत असलेलं अंग मांजराच्या जिभेसारखं खरखरीत झालं होतं. कुसुमावतीनं दांडी फिरवून पाहिली, दाबून पाहिली. नागेंद्रनं हातोडी उचलली तशी ती किंचाळली. "तर मग गच्चीत उन्हात टाकू," तो म्हणाला, "साडीसारखं." ती धडावर अक्षरशः पालथी पडली. आयुधपूजा तोंडावर आलेली. वरच्या खोलीतून गगन डाव्या हातानं बेसचा सराव करत असलेला ऐकू येत होता. चुकत होता, पण कमी कमी चुकत होता. त्याचीच तर भीती.

संताजीरावांनी धड पाहिलं. मिशी थरथरली.

"कुसुमबाई, मी काय सांगितलं होतं?"

"पुसून लाव."

"आणि तुम्ही?"

"बुडवलं."

"का?"

"आम्ही रंगारी."

"आमचे पणजोबा घोड्यावरून लढायचे. म्हणून मी दुकानात घोडा बांधलाय का?" ते गरजले. मग जरा निवले. "उन्हात घालाल तर चीर जाईल. सावली आणि धीर. दुसरं औषध नाही. आणि सगळीकडून सारखं वाळलं पाहिजे, नाही तर वाकेल."

"आत वाळलं हे कळायचं कसं?"

"अंदाजानं," संताजीराव म्हणाले. पण आवाजात हुकूम नव्हता.

कुसुमावती वाटभर स्वतःला शिव्या देत आली. दुकानात शिरली आणि थबकली. कोपऱ्यात गठ्ठा होता. लोक रंगवायला टाकून जातात आणि परत न्यायला येतच नाहीत, त्या साड्यांचा. वर्षांनुवर्षांच्या जुन्या, मऊ, सुती साड्या. पाणी ओढायला याच्यासारखं जगात दुसरं काय आहे?

तिनं बाळाला गुंडाळावं तसं धड गुंडाळलं, घट्ट, सगळीकडून सारखं, आणि वर पाटा ठेवला. साडी ओलसर झाली की काढायची, कोरडी चढवायची. पहिली साडी उलगडली आणि ती ओरडली.

"अहो! अहो, इकडे या! ठसा!"

पांढऱ्या साडीवर डाळिंबी रंगात बेसची आकृती उमटली होती. कमरेची वळणं, वरची दोन शिंगं, मधली खाचसुद्धा. नागेंद्र बघतच राहिला. या घरातून ठसे गेले त्याला किती काळ लोटला होता! आणि आता हा केवढा मोठा ठसा, आपल्या पायानं चालत आल्यासारखा.

मग कुसुमावतीनं एक कोरी पांढरी साडी अंथरली आणि प्रत्येक वेळी कापड बदलताना ते धड तिच्यावर एकेकदा दाबत गेली. पहिला ठसा गडद. पुढचा जरा फिका. त्याच्या पुढचा आणखी फिका. नागेंद्र शेजारी उकिडवा बसलेला. अचानक त्यालाच उमगलं. "अगं, पाणी आहे तोवर रंग सुटतोय. ठसा उमटायचा थांबला म्हणजे आत वाळलं!"

"अंदाजानं नाही," कुसुमावती म्हणाली.

"अंदाजानं नाही," नागेंद्र म्हणाला, आणि दोघं पोरांसारखी हसली.

शेवटचा ठसा उमटलाच नाही. दांडी खाचेपाशी नेली. थोडी अडली. पॉलिश पेपरचे चार हात मारले. पुन्हा लावली. खट्‌!

संताजीरावांनी खरखरीत अंग घासायला घेतलं. घासल्यावर रंग जाऊन पांढरं लाकूड उघडं पडणार, अशी त्यांची खात्री. घासलं. खाली डाळिंबी. आणखी घासलं. खाली डाळिंबीच. रंग पार आत मुरला होता. फडक्यानं लावला असता तर केव्हाच निघून गेला असता.

"बुडवलंत ते बरं केलंत, असं मी म्हणणार नाही," संताजीराव म्हणाले.

"नका म्हणू."

"म्हणत नाहीच."

"मग काय म्हणता?"

"पॉलिश मी करतो, एवढं म्हणतो."

खुंट्या बसल्या, पिकअप बसले, वायरी जोडल्या, तारा चढल्या. वरच्या खोलीतला स्पीकर खाली आणून दुकानातच पहिला सूर वाजवला. सगळ्यांत जाड तार, मोकळी. नागेंद्र कढईकडे धावला. पाण्यावर वर्तुळं! "आलं!" तो ओरडला, जणू कावेरीच आली होती.

इथेच गोष्ट संपायला हवी होती. पण नवरे असतात ना घरात.

आयुधपूजेच्या दुपारी कुसुमावती आंघोळ करून आली, तर नागेंद्रनं पूजा मांडलेली. कढई, झारे, तराजू, इस्त्री. आणि सगळ्यांच्या मधोमध, शेवंतीची माळ घातलेला, कुंकू लावलेला बेस. ज्यानं मिक्सरवरून टोमणा मारला होता त्यानंच तो मानाच्या जागी ठेवला होता. तिचे डोळे भरून आले. आणि दुसऱ्या क्षणी तिनं कपाळावर हात मारला.

पूजेत मांडलेलं आयुध उद्या विजयादशमीपर्यंत उचलायचं नसतं! कार्यक्रम आज संध्याकाळी.

"अय्यो," नागेंद्र म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "मी आपला… प्रेमानं…"

तेवढ्यात गगनचा फोन. "कुसुमक्का, निघालात ना? का डावा हात तयार ठेवू?"

कुसुमावती दारात उभी. बाहेर गल्लीत लोक स्कूटरांना हार घालत होते, चाकाखाली लिंबं ठेवत होते आणि लिंबावरून गाडी घालून भुर्रकन जात होते. तिनं वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"स्कूटर आयुध आहे का नाही?"

"आहे की."

"पूजा झाली की उद्यापर्यंत ढकलत नेतात का?"

"छे. लिंबू चिरडलं की सुटली."

"मग लिंबू आणा!"

नागेंद्रनं उंबऱ्यावर लिंबू ठेवलं. कुसुमावतीनं देवाला हात जोडले, माळेसकट बेस गळ्यात अडकवला, लिंबावर टाच दिली आणि बाहेर पडली. अंगावर तीच साडी: गडद बेस, फिका बेस, त्याहून फिका बेस, पदरापर्यंत ओळीनं छापलेले.

त्या संध्याकाळी तिनं काय वाजवलं ते शब्दांत सांगता येत नाही, ते पोटालाच कळतं. दुसऱ्या गाण्याला गगननं डावा हात कीबोर्डवरून उचलला आणि मांडीवर ठेवून दिला. पुन्हा खाली आणला नाही. गाणं संपताना तो मागे वळून एवढंच म्हणाला, "साकु, अक्का, पुरे. कळलं मला."

शेवटी निवेदकानं नावं घेतली. गायक. गायिका. कीबोर्डवर गगन. ढोलकी, ड्रम. टाळ्या. "धन्यवाद, शुभरात्री…"

गर्दीतून एक आवाज आला. मिक्सरवाल्या नवऱ्याचा.

"ओ साहेब! बेसवर कोण? बेसवर कोण ते सांगा!"

निवेदक गडबडला. कुणाच्या तरी कानाशी लागला. मग माईकवरून आलं: "बेसवर… कुसुमावती!"

म्हणून एक मागणं आहे तुमच्याकडे. पुढच्या वेळी गल्लीत ऑर्केस्ट्रा आला आणि नावं घेताना मागच्या अंधारातलं माणूस राहून गेलं, तर गप्प बसू नका. लाजू नका. तोंड उघडा आणि ओरडा: "बेसवर कोण?"