झऱ्याखालचा बोगदा

बुचाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. दोन बादल्या घेऊन तो चढणीवरच्या झऱ्याला जायचा. बायकोच्या पाठीला तेवढाच आराम. मग डबा घेऊन बोगद्यावर. डोंगरावर एक तळं, पायथ्याला एक. विजेची मागणी कमी असली की पाणी वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडून वीज काढायची. मधला बोगदा आम्ही खोदत होतो. खडकातून पाणी आलं की भोकं पाडून तो आत पातळ सिमेंट दाबायचा, म्हणून नाव बूच. सिमेंट कालवायला मी.

बोगदा झऱ्याखाली पोचला, तेव्हा खडकातून धार लागली. वर झरा करंगळीएवढा झाला. झरा कमी झाला तर खोदकाम थांबवू, असा कंपनीने गावाला शब्द दिला होता. साहेबांनी तो पाळला, यंत्रं बंद केली. पण भेगा बुजल्या नाहीत तर झरा जाणारच होता. घरात नळ घ्यायचा म्हणून बुचाने पगारातून आणलेलं पाइपचं वेटोळं दाराशी पडून होतं.

"दाब वाढव की," मुकादम म्हणाला. "गोगलगाय झालास काय?"

"जोर केला तर सिमेंट वर झऱ्यातून निघेल. मग चहा कशाचा पिणार, तुझ्या घामाचा?"

बुचाची बायको झऱ्यापाशी बसली होती. पाणी पांढुरकं झालं की तिने बोगद्यातल्या फोनवर कळवायचं.

"काय गं, दिसतंय काही?"

"तुमचं उतरलेलं तोंड दिसतंय, इथूनसुद्धा. पाणी निवळ आहे. दाबा सावकाश."

तो पंपापासून हलला नाही. पोती उचलून माझे खांदे भरून आले. तिसऱ्या दिवशी धारेचे थेंब झाले, मग तेही थांबले. आम्ही भिंतीकडे बघत बसलो. दुपारनंतर फोन वाजला.

"अहो, बादली भरून वाहतेय! आता तरी जेवा."

बूच रिकाम्या पोत्यांवर बसला आणि त्याने सकाळचा डबा पुसून खाल्ला. मुकादमाने त्याला स्वतःचा चहा दिला.

पुढच्या सुट्टीला आम्ही दोघांनी चर खणला. कातळ होता, पहारीने हात सोलले. त्याच्या पगाराचा पाइप झऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत पुरला, वर पितळी नळ बसवला. आता बूच सहाला उठतो, तेही बायकोने नळ सोडला की.