सनाच्या सीडीत न मावलेलं

फिल्म झाली अठ्ठावीस मिनिटांची. ती करताना जे घडलं, त्यानं माझ्या डायरीची एकेचाळीस पानं भरली. दुबईत सुट्टी शुक्रवारची; दर शुक्रवारी सकाळी आम्ही पालक शाळेच्या बास्केटबॉल कोर्टावर जमायचो, आणि घरी आल्यावर लिहायला काहीच नाही असा शुक्रवार त्या मोसमात एकदाही आला नाही.

मूळ काम साधं होतं. २००९च्या जानेवारीत इक्बालभाई परकारांची नोकरी गेली. मार्चअखेर व्हिसा खलास. त्यांची सना बारावीत, आणि दुबईतल्या शाळांमध्ये तिच्या तोडीची खेळाडू नव्हती. पुण्याच्या एका कॉलेजात स्पोर्ट्स कोट्याची एक जागा होती. तिथल्या सरांनी तिच्या खेळाची सीडी मागितली. जागा मिळाली तर पुणे, नाहीतर रत्नागिरी आणि खेळ बंद.

"नुसती सीडी कशाला? अख्ख्या टीमची डॉक्युमेंटरी करू!" आमच्यातले देशपांडे म्हणाले.

*

देशपांडे दुबई मरीनातले राहायचे टॉवर विकण्यासाठी फिल्म्स बनवायचे. आता टॉवरना गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडे कॅमेराही होता आणि वेळही.

पहिल्या दिवसाचं फुटेज बघायला आम्ही सगळे बसलो. कॅमेरा बास्केटच्या खांबाच्या बुडापासून निघाला, सावकाश वर गेला आणि आकाशात जाऊन थांबला. मग पुन्हा बुडापासून. अशी अकरा मिनिटं.

सना अदबीनं म्हणाली, "अंकल, वी प्ले डाउन हिअर."

*

निवेदन लिहितानाही देशपांड्यांचा हात जुन्याच वळणानं चालला. सनाची ओळख त्यांनी वाचून दाखवली : "पाच फूट दहा इंचांची भव्य उंची, प्रशस्त हालचाली, सी-फेसिंग..."

कोणी हसायच्या आत इक्बालभाई म्हणाले, "सी-फेसिंग राहू द्या. आम्ही रत्नागिरीचे आहोत."

*

एका लीग मॅचमध्ये सनानं लांबून सुरेख बास्केट केली. नेमकं तेव्हा लेन्समध्ये ऊन आलं. देशपांडे सरळ कोर्टात शिरले आणि रेफरीला म्हणाले, "वन मोअर टेक, प्लीज."

रेफरी लेबनीज होता. त्यानं शिट्टी तोंडातून काढली. "हबीबी, ही मॅच आहे," एवढंच त्यानं इंग्रजीत सांगितलं. समोरच्या टीमची कॅप्टन मात्र रीटेकला तयार होती. तिची अट एकच : स्कोअरसुद्धा शून्यापासून सुरू करायचा.

*

भाभींची, म्हणजे सनाच्या आईची, मुलाखत त्यांच्या घरी झाली. आधी तांदळाच्या भाकऱ्या आणि माशाचं कालवण, मग कॅमेरा, असा त्यांचा नियम. खाऊन देशपांडे इतके सुस्तावले की त्यांनी एकच प्रश्न विचारला : एवढा चेंडू हातात पक्का धरणारी सना घरी कशी असते?

भाभींनी पदर सारखा केला, कॅमेऱ्यात बघितलं आणि म्हणाल्या, "सहा काचेचे ग्लास होते. दोन उरलेत."

*

मग फायनल. देशपांड्यांचा कॅमेरा खेळावर. मी हँडीकॅम घेऊन समोर, फक्त पालकांचे चेहरे टिपायला. शेवटचे काही सेकंद उरले, आपण एका पॉइंटनं मागे, आणि देशपांड्यांची टेप संपत आली. टाइमआउट होईल असं समजून त्यांनी टेप बदलायला कॅमेरा बंद केला आणि मीही थांबावं म्हणून ते जोरात ओरडले, "कट!"

आता बास्केटबॉलमध्ये 'कट' म्हणजे थांबणं नाही. बचाव चुकवून बास्केटकडे धाव घे, असा त्याचा अर्थ. सनाला वाटलं, कोचच ओरडले. ती सुसाट निघाली, मैत्रिणीनं पास दिला, चेंडू आत, शिट्टी. फायनल जिंकली!

आणि ती बास्केट कुठल्याच टेपवर नव्हती.

देशपांडे डोकं धरून बसले. माझ्या हँडीकॅममध्ये त्या क्षणी फक्त इक्बालभाई होते, तेही मला बंद करायचं बटण वेळेत सापडलं नाही म्हणून. फिल्ममध्ये आधीच्या मॅचेसमधला निवडक खेळ घातला आणि शेवटी, दुसरं काही नाही म्हणून, तो तुकडा जोडला. सीडी पुण्याला गेली. पुढचे अठरा दिवस इक्बालभाईंच्या घरी फोन वाजला की सगळे धावत.

एकोणिसाव्या दिवशी सरांचा फोन आला, तेव्हा आम्ही तिथेच होतो. इक्बालभाईंनी स्पीकर लावला. सर म्हणाले, मुलीची जागा पक्की, जूनमध्ये पाठवा. भाभी रडायला लागल्या. सना आईला सांभाळत होती.

सर पुढे म्हणाले, "आणखी एक विचारायचं होतं. शेवटी तो रेलिंगवरून उडी मारून कोर्टात येणारा प्लेअर आहे ना, तो कितवीत आहे?"

इक्बालभाई फोनसमोर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "सर, वय एक्कावन्न. पण सध्या मोकळाच आहे."