हलीनाच्या वाढदिवसाची फुलं

आमच्या घरात कुणाच्या पोटात काही राहत नाही. जेवायला बसलं की सगळं ताटाभोवती येतं — कुणाचं भांडण झालं, कुणाचं जुळलं, कुणाचं मोडलं. ही एक गोष्ट मात्र तीन हिवाळे झाले, माझ्या घशाखालीच आहे. नवऱ्याला माहीत नाही. मुलीला तर नाहीच नाही. आज लिहायला बसले खरी, पण मघापासून दोनदा उठले — एकदा फाटक लावलंय का बघायला, एकदा उगीचच. तुम्ही ओळखीचे असतात तर तुमच्या तोंडाकडे बघून हे सांगता आलं असतं का? नसतं आलं.

मी गोंदियाला राहते. शेती आमगावकडे, धानाची. ती अजून हे बघतात. मी शाळेत शिकवायला होते म्हणून गोंदियात घर बांधलं, आणि वरचा मजला भाड्यानं द्यायचा ठरलं. बिरसीला विमान चालवायला शिकवतात ना, तिथल्या कामावर अमेरिकेतून मार्क आला. त्याची बायको हलीना, युक्रेनची. ती दोघं आमच्या वर राहायला आली. त्यांचं इंग्रजी, माझं शाळेतलं इंग्रजी आणि हलीनानं भाजीबाजारात उचललेली हिंदी — एवढ्यावर आमचं दीड वर्ष छान चाललं.

छान म्हणते, कारण तसंच होतं ते. त्या दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही असं नाही. पण रोजच्या बारीकसारीक गोष्टीत ती दोन टोकं होती. मार्क सगळ्यांकडे बघून हसायचा. दूधवाल्याकडे, गल्लीतल्या कुत्र्याकडे. वीज गेली तरी हसायचा. हलीना ओळख झाल्याशिवाय हसायची नाही. बाजूच्या बायका म्हणायच्या, "साहब कितना अच्छा है, मॅडम घमंडी है." मी एकदा तिला विचारलं, तर म्हणाली, आमच्याकडे कारण नसताना हसणाऱ्याला लोक येडा समजतात. तो बूट घालून थेट पलंगापर्यंत जायचा. ती आपल्यासारखी जिन्याखाली चप्पल काढायची. तो पाण्यात बर्फ टाकायचा, ती म्हणायची घसा धरेल. आणि तिला कुणी "कशी आहेस" विचारलं की ती खरंच सांगत बसायची — झोप झाली नाही, गुडघा दुखतो, भाऊ लढाईवर आहे, चार दिवस त्याचा फोन नाही. मार्कला हे अवघड व्हायचं. तो वाईट नव्हता हो. त्याला वाटायचं, दुःखाचं नाव घेतलं नाही तर ते कमी होतं. तिला वाटायचं, जो नाव घेत नाही तो आपला नाही. यात कोण चुकलं? मला सांगता येणार नाही. पण त्यांचं चाललं असतं. हे मला लिहायलाच हवं — त्यांचं चाललं असतं.

एका सकाळी मी पूजेसाठी अंगणातले गुलाब तोडत होते, हलीना पायरीवर चहा पीत बसली होती. तिनं सांगितलं, आमच्याकडे जिवंत माणसाला फुलं देताना नेहमी विषम द्यायची. सम फुलं फक्त मेलेल्याला. मार्कनं पहिल्यांदा तिला भेटायला येताना मोजून बारा लाल गुलाब आणले होते — त्याच्या देशात डझनाचाच मान. तिनं दारातच एक काढून बाजूला ठेवलं. तो घाबरला, मग कारण कळल्यावर हसला, आणि म्हणाला, यापुढे मी मोजूनच आणत जाईन. आणि खरंच, दर वाढदिवसाला तो स्वतः मोजून आणायचा. नऊ. अकरा. तेरा. भाऊ लढाईवर गेल्यापासून तर जास्तच जपून. हे सांगताना ती हसली होती. मी म्हटलं, आमच्याकडेही शकुनाचं अकरा, एकवीस, एकावन्न — सम नको. तिनं माझा हात धरला. "काकी, हम सेम."

म्हणजे मला माहीत होतं. ते लक्षात ठेवा.

आता माझ्या मुलीचं सांगते. सांगायला नको वाटतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रणालीसाठी बालाघाटचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, त्यांना पसंत, आम्हाला पसंत. तारीख काढायला पाहुणे आले तेव्हा मी हलीना आणि मार्कलाही खाली बोलावलं. का बोलावलं? मिरवायला. आमच्या घरात अमेरिकेचा भाडेकरू आहे हे त्यांना दिसावं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

मुलाची आई प्रेमळ बाई. पोह्यांची प्लेट हातात घेऊन तिनं हलीनाला विचारलं, "कैसी लगी हमारी बहू?"

हलीना म्हणाली, "लडकी बहुत अच्छी. पर उसको शादी नहीं चाहिए. ऊपर आती है, रोती है."

मोडकीतोडकी हिंदी, पण सगळ्यांना कळली. मार्कला तेवढी हिंदी येत नव्हती; तो हसत हसत पोह्यांचं कौतुक करत होता. पाहुण्यांनी चहा संपवला. भल्या माणसांनी आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला — आमच्याकडून राहू द्या.

पाहुणे गेल्यावर मी प्रणालीला आतल्या खोलीत नेलं. "हे खरं होय का? काऊन रडून राहिली होतीस? मले काऊन नाई सांगितलं?"

ती साडीच्या पिना काढत होती. म्हणाली, "तुले सांगून काय झालं असतं, आई? तू आयकलं असतं?"

तेव्हापासून लोक समजतात, स्थळ मोडलं म्हणून मी हलीनावर चिडले होते. तो राग मी तिच्या माघारी गल्लीतल्या बायकांजवळ बोलूनही दाखवला. पण खरा राग तो नव्हता. स्थळं काय, येतात. माझी मुलगी जिना चढून वर जात होती आणि परक्या बाईच्या पलंगावर बसून रडत होती — आणि मी खाली शालू निवडत होते. तिनं आई म्हणून दुसऱ्याच दाराची कडी वाजवली होती. हे मला सोसलं नाही. आणि हलीना खोटं बोललेली नव्हती, हे तर त्याहून सोसलं नाही.

हलीना दुसऱ्या दिवशी दारात आली. आत आली नाही. म्हणाली, "काकी, त्यांनी विचारलं म्हणून मी सांगितलं. खोटं सांगायला हवं होतं का?" मी म्हटलं, नाही गं, ठीक आहे. आणि हसले. ती वर गेली.

पंधरा दिवसांनी तिचा वाढदिवस आला. आदल्या दुपारी मार्क घाईघाईत खाली आला. उद्या पहाटेच निघावं लागणार, नाश्त्याला परत येईन, तेवढी अंगणातली थोडी फुलं तोडून ठेवाल का? मग फाटकापर्यंत जाऊन मागे वळला. "काकी, त्या आकड्याचं हलीनानं तुम्हाला सांगितलंय ना?"

"हो, माहीत आहे," मी म्हटलं.

सकाळी गुलाब तोडले. अकरा तोडले — हेही खरं आहे. ओट्यावर ठेवले, काटे काढले, मोजले. मग त्यातलं एक उचललं आणि देवाजवळ ठेवलं. मला तेव्हा बरं वाटत होतं. दोऱ्यानं घट्ट बांधले, मधे मधे पानं खुपसली, म्हणजे वरून मोजता येणार नाहीत. काय होईल असं मला वाटलं होतं? तिचं तोंड उतरेल. दिवस खराब जाईल. एवढंच — असं म्हणते मी. पण तिचा भाऊ कुठे आहे हे मला माहीत होतं, आणि दहा फुलं कुणाला देतात हेही. मग "एवढंच" कसं?

मार्क आला, घाम पुसत गुच्छ घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. मी खाली भाजी चिरत ऐकत होते. पाण्याचा नळ सुटला — ती फुलं भांड्यात लावत असणार. मग नळ बंद झाला. मग तिचा आवाज, मग त्याचा. मग दोघंही खाली माझ्या स्वयंपाकघराच्या दारात. हलीनाच्या हातात ओली फुलं, तिचं तोंड पांढरं. ती म्हणत होती, वर्षानुवर्षं तू स्वतः मोजलीस, आणि या वर्षी, याच वर्षी नाही? आणि वर काकीचं नाव सांगतोस? काकीला माहीत आहे. काकी असं करणार नाही.

मार्कनं मला विचारलं, "काकी, ही तुम्हीच बांधून दिलीत ना? किती होती?"

एका शब्दाचं काम होतं. दहा. चुकून झालं म्हणाले असते तरी चाललं असतं. तेवढं खोटंही पुरलं असतं त्यांना. मी म्हटलं, "अकरा दिली होती. मोजून."

मार्कनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी त्याला तसा त्याआधी कधी बघितला नव्हता. त्याला कळलं. मी शिक्षिका होते, समोरच्याला कळलंय हे मला ओळखता येतं. मला वाटलं, आता हा ओरडेल, मला खोटारडी म्हणेल. म्हणावं असं वाटलंही. तो हळूच म्हणाला, "मग जिन्यात एक पडलं असेल. माझीच चूक. सॉरी, काकी." त्याच्या रीतीत म्हाताऱ्या बाईला तिच्या घरात खोटं पाडत नाहीत. हलीनाला एवढंच दिसलं, की यानं मोजलं नाही, आणि आधी दुसऱ्यावर ढकललं.

दोन आठवडेही झाले नसतील. लढाई सुरू झाल्यापासून पोलंडला राहणाऱ्या तिच्या आईचा फोन आला. भाऊ गेला.

मी तुम्हाला शहाणपण शिकवणार नाही. फुलांनी माणूस मरत नाही. हलीनालाही कळत होतं, शिकलेली बाई होती ती. पण त्या दिवशी ती खाली आली, माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि एकच शब्द म्हणाली — "दस." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. याच हातानं. वर मार्क तिला समजावत राहिला, कुणा डॉक्टरशी बोल म्हणाला, नागपूरला चांगले आहेत म्हणाला, सुट्टी घेऊन नागझिऱ्याच्या जंगलात नेतो म्हणाला. तिला तो शेजारी बसून रडायला हवा होता. त्याला रडता येत नव्हतं. आणि जी एक गोष्ट तिला त्याच्याबद्दल पक्की ठाऊक होती — हा माझ्यासाठी मोजतो — ती मी आधीच काढून घेतली होती.

महिन्याभरात ती आईकडे जायला निघाली. मी निरोप द्यायला वर गेले. बॅगा दारात आल्या होत्या, मार्क खाली गाडीवाल्याशी बोलत होता. तिनं मला दंडाला धरून बॅगेवर बसवलं, स्वतः शेजारी बसली. म्हणाली, आमच्यात लांब जायच्या आधी असं गप्प बसतात, एक मिनिट. आम्ही बसलो. कोरी भिंत समोर, तिचा खांदा माझ्या खांद्याला. तेव्हा सांगता आलं असतं. खाली जाऊन मार्कला वर बोलवता आलं असतं. मी काय केलं? "चल बाई, नागपूरला पोचायला उशीर होईल," असं म्हणून मीच आधी उठले.

मार्क त्यानंतर चार महिने एकटा राहिला. रोज सकाळी "नमस्ते काकी." त्या फुलांबद्दल एक अक्षर बोलला नाही. काम संपलं, तो गेला. पुढे कागदोपत्रीही ती दोघं वेगळी झाली, हे प्रणालीकडून कळलं. प्रणाली आता नागपूरला नोकरी करते, मजेत आहे. हलीनाशी तिचं फोनवर अजून बोलणं असतं.

मागच्या रविवारी प्रणाली घरी आली होती. मी तुरीच्या शेंगा सोलत होते. म्हणाली, "आई, हलीना काय म्हणते माहीत आहे? म्हणते, त्या घरात माझ्याशी सरळ वागणारी एक तुझी आईच होती." आणि तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. हलीनानं केस बारीक कापलेत. मागे खिडकीत बर्फ दिसत होता. ती म्हणाली, काकी, तुमची फार आठवण येते.

मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन प्रणालीच्या हातात देऊन आत गेले. दूध तापायला ठेवलेलंच नव्हतं.